अहो-जाहो

लिफ्टमध्ये मागून कोणीतरी म्हणालं, “पाथवा दाबता का, दरा?” आणि तो म्हणाला, “हो.”

एवढंच झालं. त्याने पाचवा दाबला आणि बोट बटणावरून काढता काढता त्याच्या पाठीतून काहीतरी सरसरत वर गेलं. आवाज परका होता, दात नसलेल्या तोंडाचा, ओठांच्या कडेने सांडणारा. पण ‘जरा’च्या आधीचा तो थांबा परका नव्हता. काही मागताना असा थांबणारा, मागू की नको म्हणून अडखळणारा एकच माणूस त्याच्या माहितीचा होता. त्याने मागे पाहिलं नाही. लिफ्टच्या पोलादी दारात तीन धुरकट आकृत्या हलत होत्या : एक तो स्वतः, एक औषधांची पिशवी धरलेल्या, प्रार्थनाघराच्या मंडळावरच्या वकिलांच्या पत्नी, वकिलीणबाई, आणि दोघांच्या मधल्या जागेत एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस. दादा. दुसरा मजला गेला, तिसरा गेला. आपलं काम चौथ्यावर आहे, चौथा दाबायला हवा, हे कळत होतं आणि हात वर होत नव्हता. पाचव्यावर दार उघडलं. दादा अंग चोरून दोघांच्या मधून बाहेर पडला आणि डावा पाय जरा फेकत दातांच्या दवाखान्याकडे चालू लागला. दार मिटलं. वकिलीणबाई म्हणाल्या, “तुमचा चौथा राहिला की.” आणि हसल्या. वाईट हसल्या नाहीत. तेच वाईट होतं.

हो. हा शब्द त्याने दिवसभर तोंडात घोळवला. कवळ्या बनवण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठल्या अक्षराला जीभ कुठे लागते, कुठल्याला दात हवेत, कुठल्याला नुसते ओठ पुरतात, हे त्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. ‘हो’ला काहीच लागत नाही. जीभ कुठे टेकत नाही, दातांचं काम नाही, ओठ गोल झाले की झालं. श्वास म्हणूनही खपून गेलं असतं. त्याने साच्यात प्लॅस्टर ओतलं, टेबलावर ठोकून त्यातले बुडबुडे काढले आणि मनातल्या मनात मंडळापुढे उभा राहिला : नाही, बोललो नाही, उसासा टाकला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं, आणि हसता हसता आठवलं की आपण दादाशी बोललो, किती दिवसांनी बोललो, आणि जे बोललो ते हे. प्लॅस्टर हातावर गरम व्हायला लागलं. घट्ट होताना ते असंच गरम होतं, आत काहीतरी जिवंत असल्यासारखं, आणि मग गार पडतं.

अबोला हा शब्द खरं तर घरातला. आई-बाबांचा अबोला असायचा तेव्हा घर जास्तच बोलकं व्हायचं. आई भिंतीला सांगायची, जेवायला वाढलंय म्हणावं. बाबा मांजराला विचारायचे, आज मीठ महागलंय का म्हणावं. मांजर बिचारं दोघांकडे पाहायचं. दादा आणि तो पोट धरून हसायचे, आणि त्यांना हसताना पाहून कधी आईचा, कधी बाबांचा अबोला फुटायचा. त्या दोघा भावांचीही कट्टी व्हायची, संध्याकाळी अंथरुणं घालेपर्यंत टिकायची, आणि मग दादा अंधारात छताला सांगायचा की कुणा बारक्याला पांघरूण हवं असेल तर इकडे आहे म्हणावं. अबोला म्हणजे बोलण्याचाच एक प्रकार होता. दोघांपैकी एकाला केव्हाही मोडता यायचा, म्हणून तर त्यात जीव होता. मंडळाने दादासाठी तो शब्द उचलला तेव्हा त्यांना दुसरा, मोठा, पुस्तकी शब्द शोधता आला असता. त्यांनी हाच घेतला. आम्ही कुणाला शिक्षा करत नाही, मंडळाचे थोरले म्हणाले होते, शिक्षा करणारा वर आहे. आपण फक्त अबोला धरायचा, घरातल्या माणसाशी धरतो तसा. हे ऐकताना कितीतरी माना प्रेमाने डोलल्या होत्या. आणि जो अबोला मोडेल, वकील पुढे म्हणाले होते, त्याच्याशीही अबोला. ते मात्र घरातलं नव्हतं.

दादा प्रार्थनाघराचा वाचक होता. वर्षानुवर्षं पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत त्याच्या आवाजाने लोकांना उभं केलं आणि बसवलं. पुढच्या दोन दातांत फट होती, त्यामुळे त्याच्या ‘स’ला एक बारीक शीळ लागायची, मुलं घरी जाऊन नक्कल करायची. आणि त्या सकाळी, कुठलंही वादळ नाही, कोणी मेलेलं नाही, वहिनी जाऊनही बराच काळ झालेला, साधी सकाळ, तो वाचता वाचता थांबला. ‘तू’ या शब्दावर. प्रार्थनेत पुढचं सगळं तूच होतं, तू पाहतोस, तू जाणतोस, तू होतास आणि असशील. लोकांना वाटलं ठसका लागला. कोणीतरी पाणी नेलं. दादाने पुस्तक मिटलं नाही, आपटलं नाही, नुसतं बोट त्या शब्दावर ठेवून अगदी हळू म्हणाला, “याच्या पुढे मला जाता येत नाही. मी तू म्हणतो तेव्हा समोर कोणी नसतं. बरेच दिवस नाही. तुम्हाला फसवणं बरं वाटेना.” आणि खाली येऊन आपल्या जागी बसला, भावाच्या शेजारी. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. याने त्या वेळी काय केलं? दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला, एवढं आठवतं. तो हात तिथून केव्हा काढला, ते आठवत नाही.

वकिलीणबाईंबद्दल घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती प्रार्थनाघराच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची. अबोला तिच्यावर आला तर आधी तो वर्ग जाणार होता. मग एका सदऱ्याची कॉलर दाबत म्हणाली, “गुन्हा देवाचा केलाय ना भाऊजींनी? मग देवाने धरावा अबोला. त्याला सवय आहे.” तो दचकून दाराकडे पाहायला लागला. ती म्हणाली, पाहू नका, कोणी नाहीये तिथे. आणि वाक्य संपताच घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागली. सकाळी ती शाळेत गेली आणि मुलांकडून रोजची प्रार्थना म्हणवून घेतली. वाटेत दादाचं घर लागतं. ती पलीकडच्या फुटपाथने जाते.

दाबतोस का. दाबता का. दाबशील. दाबाल. दाब ना रे. कृपया दाबावे. चौथ्या मजल्यावरच्या टेबलाशी बसून त्याने ते वाक्य सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं, एखादा दात रांगेत बसेना म्हणजे फिरवतात तसं. दादाने ‘दाबता’ म्हटलं होतं. म्हणजे त्याने ओळखलं नाही. परक्या पाठीला माणूस अहो-जाहोच करतो. किंवा ओळखलं, आणि म्हणून दाबता म्हटलं, कारण परक्याशी बोलायला कोणाची बंदी आहे? दोन परके लिफ्टमध्ये. एक म्हणतो दाबता का, दुसरा म्हणतो हो. यात कुठे काय मोडलं? त्याला एकदम छातीत मोकळं वाटलं. दादा हुशार होता, पहिल्यापासून. दादाने अबोल्याला दार ठेवलं होतं, इतकं अरुंद की त्यातून फक्त एक प्रत्यय जाऊ शकेल.

दुपारी पाचव्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे कवळ्यांसाठी घेतलेली मापं खाली पाठवली. त्या या समाजातल्या नव्हत्या; त्यांना भाऊ, थोरले, अबोला कशाचंच काही नव्हतं, एक म्हातारा, वरचे-खालचे सगळे दात गेलेले, एवढंच. त्याने ते गुलाबी माप उजेडाला धरलं आणि ओळखलं. त्यात प्लॅस्टर ओतून, घट्ट झाल्यावर सोडवून, दादाचं तोंड त्याने टेबलावर ठेवलं. उघडं. उजवीकडे हिरडी जास्त झिजलेली होती. बरीच वर्षं त्याच बाजूने चावलेलं. टाळूवर त्या आडव्या वळ्या, वाळूवरच्या पाण्याच्या खुणांसारख्या. बोलायचंच नसलं की तोंडाकडे कोण पाहतं? हिरड्या सुजल्या असतील, एकेक दात हलला असेल, आणि दादाने कोणाला सांगितलं असेल? दुकानात तो वस्तूंकडे बोट दाखवायचा आणि दुकानदार, जो त्याला ‘वाचकबुवा’ म्हणून खुर्ची द्यायचा, मुकाट्याने पिशवी पुढे सरकवायचा. कवळीवाल्याने टाळूच्या वळ्यांवरून अंगठा फिरवला. मग हात पुसला. इतक्या आत तो दादाच्या कधीच गेला नव्हता.

अपेक्षेप्रमाणे मंडळाचा निरोप आला, सहज येऊन जा म्हणून. प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत थोरले खिडकीशी बसून बोटाएवढ्या चाकूने सफरचंद सोलत होते आणि वकील उभ्यानेच कसल्याशा कागदांना टाचण्या लावत होते. थोरल्यांची कवळी त्यानेच केलेली. बोलताना डावीकडे टक् वाजायची, आणि ते दुरुस्तीला वेळ काढत नव्हते. त्याने सगळं सांगितलं, पाठमोरा होतो, आवाज ओळखू आला नाही, नुसतं हो म्हणालो. वकील म्हणाले, अबोला त्या माणसाशी आहे. परका समजून बोललं गेलं असेल तर ते बोलणं त्याच्याशी झालंच नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. आणि जीव भांड्यात पडलेल्या माणसाला जरा जास्तच धीर येतो. तो म्हणाला, आता कवळीचं काम माझ्याकडे आलंय, दात बसवताना माणसाला बोलतं करावं लागतं, तर तेवढं अहो-जाहो करून... थोरल्यांनी चाकू थांबवला. वकिलांकडे पाहिलं. दोघंही हसले, सुटल्यासारखे.

“बोला की,” थोरले म्हणाले. “आम्ही काय राक्षस आहोत? परक्याशी बोलतो तसं बोला. कामापुरतं. दुसऱ्या कोणाला कधी त्याच्याशी बोलावंच लागलं, तर त्यालाही हेच सांगू. बरं सुचवलंत.”

टक्. त्याने मान हलवली. निघायला हवं होतं. त्याने विचारलं, अडखळत विचारलं, की हे पाप दादाच्या मनातलं आहे. चोरी नाही, कोणाला इजा नाही. मनातलं तर ज्याचं त्याने पाहायचं ना? वरच्याने? मग आपण मध्ये...

“तो पाहीलच,” थोरले म्हणाले. “त्याला घाई नाही. आम्हाला आहे, आम्ही म्हातारे झालो.” त्यांनी सफरचंदाची फोड त्याच्यापुढे धरली. “त्या दिवशी मागच्या बाकावरची दोन पोरं तुमच्या भावाकडे कशी पाहत होती, पाहिलंत? मी पाहिलं. वरच्याचा निवाडा येईपर्यंत थांबलो तर निवाडा ऐकायला कोणी उरायचं नाही.” त्यात राग नव्हता. भीती होती, म्हाताऱ्या माणसाची साधी भीती. त्याने फोड घेतली. खाल्ली. गोड होती. रस्त्यावर आल्यावर, सिग्नलला उभा असताना त्याला कळलं की जे दार दादाने चोरून ठेवलं होतं, ते आपण जाऊन त्यांना दाखवलं, आणि त्यांनी तिथे आपला माणूस बसवला. आता अहो-जाहो ही पळवाट नव्हती. तोच हुकूम होता.

मेणातले दात लावताना त्याने पुढच्या दोन दातांत फट ठेवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. दिव्याची ज्योत, गरम सुरी, गुलाबी मेण, एक दात किंचित बाहेर, आणि ती फट. एवढं एक वाक्य त्याला अहो-जाहो न करता म्हणता येत होतं.

पाचव्यावर खुर्चीत दादा आडवा होता, गळ्याखाली कागदी रुमाल. डॉक्टरीणबाई पलीकडे कोणाचा तरी दात कोरत मोठ्याने बोलत होत्या. त्याने मेणाची कवळी दादाच्या तोंडात बसवली. ओठ वर उचलताना त्याच्या बोटांना दादाची न केलेली दाढी लागली. दात जुळतात का पाहायला निळा कागद चावायला दिला. चावा. पुन्हा. आता म्हणा, साठ.

“साठ,” दादा म्हणाला. शीळ आली.

“सहासष्ट.”

“सहासष्ट.”

“सदुसष्ट म्हणा.”

दादा म्हणाला नाही. त्याची जीभ आतून फिरत होती, पुढच्या दातांपाशी आली, फटीत थांबली, मागे गेली, पुन्हा आली. डोळे छताकडे. मग तो छताला म्हणाला, “दोन भोवऱ्यांचं डोकं असलेला माणूस लिफ्टमध्ये पाठमोरा उभा राहिला, तरी ओळखू येतो म्हणावं.” याच्या हातातला कागद गळून पडला. तो वाकून उचलू लागला आणि वाकलेलाच राहिला, खुर्चीच्या लोखंडी पायापाशी, कारण चेहरा कुठे न्यावा हे कळेना. छताला उत्तर द्यायला हवं होतं. भिंतीला, दिव्याला, मांजर नव्हतं पण कशालाही. छत पांढरं होतं आणि मंडळाने तेवढं एक अजून मना केलं नव्हतं. तो उभा राहिला आणि त्याच्या तोंडून आलं, “दुखतंय का कुठे तुम्हाला?” दादाने त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. थोडा वेळ. “नाही,” तो म्हणाला, “तुम्ही छान केलंय.”

बायको म्हणाली, निदान बोललात तरी. तो हो म्हणाला.

पुढच्या खेपेला कवळी पक्की करायची होती. दादा दाढी करून आला होता. साबणाचा वास. खुर्चीत बसून मेणाची कवळी तोंडात घालताच म्हणाला, “एक काम होतं. ही पुढची फट, जरा, बुजवा.” त्याने विचारलं, का? खरं तर त्याला विचारायचं होतं की का रे, पण एवढा एक ‘रे’ जिभेवरच राहिला. दादा म्हणाला, वाचताना शीळ येते. लोकांचं लक्ष तिकडे जातं. रविवारी सगळ्यांसमोर ती प्रार्थना म्हणायचीय, तेव्हा स्वच्छ यायला हवं. थोरल्यांकडे जाऊन आलो. त्यांनी पाणी दिलं.

पलीकडे यंत्र घरघरत होतं. त्याने विचारलं, “दिसलं का मग कोणी? त्या शब्दासमोर?” हे कामापुरतं नव्हतं. पण ‘तुम्हाला’ हा शब्द तरी त्याने टाळला.

दादा थांबला, तोच थांबा. “नाही. पण रात्री दार लावलं की घरात इतकं शांत असतं... नळ चालू ठेवतो मी, बारीक.” मग हसला, त्या मेणातल्या दातांनी. “आत्तापर्यंत मी त्याच्याशी खोटं तरी बोललो नव्हतो. आता तेही होईल. हे पापही वरच्यालाच खपवून घ्यावं लागेल.”

त्याला म्हणता आलं असतं, मी नाही बुजवत. म्हणता आलं असतं, दादा, उठ, माझ्या घरी चल, बायकोचा वर्ग गेला तर जाऊ दे, आपण सगळे मिळून मुके राहू. हे सगळं त्याच्या तोंडात आलं, तयार, एकेक शब्द, आणि प्रत्येकाला दात लागत होते, जीभ लागत होती. त्याला दातखीळ बसली. त्याने कवळी काढून घेतली, चौथ्यावर आला, ज्योत पेटवली, मेण मऊ केलं आणि दात दाताला भिडवला. इतकं सफाईने की मध्ये कागदही गेला नसता.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. मागची बाकंही. दादा वर गेला, पुस्तक उघडलं, बोट ठेवलं. त्याच शब्दावर. तू पाहतोस, तो म्हणाला, तू जाणतोस, तू होतास आणि असशील. एकाही ‘स’ला शीळ लागली नाही. इतका नितळ आवाज त्याच्या सगळ्या आयुष्यात आला नव्हता. कवळीवाला दुसऱ्या बाकावर बसून अक्षरं ऐकत होता, जीभ टाळूला लागतेय, सुटतेय, दात जुळतायत, सगळं बरोबर, काम उत्तम झालं होतं. दादाची नजर लोकांच्या डोक्यांवरून पलीकडच्या रिकाम्या भिंतीवर होती, आणि भिंतीला तो तू म्हणत होता, तू, तू, एका दमात. थोरल्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वकिलीणबाई रडत होत्या. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. मग अबोला संपला. लोक उठले, कोणी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी पाठीवर, दुकानदार म्हणाला वाचकबुवा उद्या या दुकानात, सगळे एकदम बोलत होते, आणि दादा प्रत्येकाला उत्तर देत होता, पटापट, भुकेल्यासारखं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत.

गर्दीतून वाट काढत तो शेवटी याच्यापाशी आला. कपाळावर घाम होता. नवे दात दाखवून हसला, आणि ते हसू याला ओळखता आलं नाही. ते त्याने स्वतः घडवलं होतं, तरी. दादाने त्याचा दंड धरला.

“बारक्या,” तो म्हणाला. “चल रे, घरी जाऊ.”

त्याने तोंड उघडलं. ‘चल’ म्हणायचं होतं. ‘ये’ म्हणायचं होतं. जीभ वर गेली, दातांमागे टेकली, कितीतरी वर्षं ‘तू’ तिथूनच सुटत आला होता, आणि शब्द सुटला.

“तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला. “मी आलोच.”

दादाचा हात दंडावर तसाच होता. मग त्याने तो काढला, सावकाश, आणि म्हणाला, “हो.”